शेवंतीची खाणावळ आणि आमची मॅट्रिक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते माळ्यावरच्या सामानासारखे आपोआप साठतात. आपण एकही वस्तू ठरवून वर टाकलेली नसते, आणि एक दिवस वर चढून पाहावं तर पाय ठेवायला जागा नसते!

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्हा सहा-सात म्हाताऱ्यांची रोज सकाळी बैठक असते. नियम एकच: गुडघे, साखर आणि सुना, ह्या तीन विषयांवर बोलायचं नाही. साहजिकच सुरुवातीला बराच वेळ कोणीच काही बोलत नाही. मग हळूहळू जुन्या गोष्टी निघतात.

मागच्या आठवड्यात घराला रंग काढला, तेव्हा कपाटावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. झाकण गंजलेलं, आत सगळा चिल्लर खजिना. निळ्या कापडाची एक पट्टी, खडूचा तुकडा, एक भरतकाम केलेला रुमाल आणि चार सागरगोटे. मी तो डबा तसाच कट्ट्यावर नेला.

आमच्यातल्या मालतीबाई डोकावून म्हणाल्या, "अगं कुंदा, हे काय भंगार आणलंस?"

म्हटलं, "तोंड सांभाळून बोला. ही आमची मॅट्रिकची बॅच आहे!"

खरं सांगते, कित्येक वर्षांत मला ह्या मुलींची आठवणसुद्धा आली नव्हती. लग्नं झाली, गावं बदलली, पत्ते हरवले. कोणी भांडलं नाही, कोणी रुसलं नाही, नुसत्या विसरलो एकमेकींना. आणि तो डबा उघडला मात्र, तिघीही समोर येऊन बसल्या. शेवंती, सुशी आणि इंदू. माझ्या आयुष्यात पुढे बरीच मोठी माणसं आली, पण ह्या तिघींची सर कोणाला नाही. माझं म्हणणं खोटं वाटत असेल तर ऐका.

* * *

आधी शेवंती परब. कारण हे सगळे किस्से शेवटी तिच्याच दारात जाऊन बसतात.

तिचं घर लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर. आई खाणावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीतले गडी तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. शेवंती पहाटेपासून आईबरोबर भाकऱ्या थापायची, गड्यांचे डबे भरायची आणि मग दादरच्या आमच्या शाळेत धावत यायची. कोपराला पीठ लागलेलंच असायचं.

रोज उशीर. वर्गशिक्षिका केतकरबाई उशिरा येणाऱ्या मुलीला दाराबाहेर उभं करायच्या. एक दिवस त्यांनी चिडून विचारलं, "काय गं परब, तुला घंटा ऐकू येत नाही का?"

शेवंती धापा टाकत म्हणाली, "येते ना बाई! पण डबे नेणारा थांबत नाय आणि घंटा पण थांबत नाय. दोघांतल्या एकाला कोणीतरी सांगा ना!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून शेवंतीला दाराबाहेर उभं करणं बंद झालं. बाई तिची हजेरी सगळ्यांत शेवटी घ्यायला लागल्या. प, फ, ब, भ सगळं संपलं की मग 'परब'!

* * *

डब्यातली निळी पट्टी म्हणजे शेवंतीची रिबीन.

शाळेचा नियम असा की दोन वेण्या आणि दोन निळ्या रिबिनी. त्या दादरच्या एका ठरलेल्या दुकानातूनच घ्यायच्या, म्हणजे सगळ्यांच्या सारख्या दिसतील. शेवंतीच्या वेण्यांना वेगळाच निळा रंग होता. तिचे वडील गिरणीच्या दुकानातून कामगारांना स्वस्तात मिळणारे कापडाचे तुकडे आणायचे. त्यातली पट्टी कापून, कडा दुमडून, टाका घालून तिनं त्या स्वतः केल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी बाईंनी तिची वेणी हातात धरली. "ही कुठल्या दुकानातली?"

"दुकानातली नाय बाई."

"मग? दुकानातलीच हवी, हे ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. पण दुकानात कापड येतं ते आमच्या बाबांसारख्यांच्या हाताखालूनच येतं ना? मी फक्त मधलं दुकान काढून टाकलं!"

बाईंनी वेणी सोडली. कडेचा टाका पुन्हा एकदा बारकाईनं बघितला. "शिवण कोणाची?" त्यांनी विचारलं. शेवंती म्हणाली, "माझीच." पुढच्या महिन्यात अर्ध्या वर्गाच्या वेण्यांना तोच निळा रंग होता, आणि बाईंनी आपल्या भाचीसाठी दोन हात पट्टी मागून घेतली, ती वेगळीच.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शेवंतीनं आम्हाला तिचं गुपित सांगितलं. तिला टेलिफोनवर नोकरी करायची होती. तिनं कुठंतरी कानाला यंत्र लावून बसलेल्या बायका पाहिल्या होत्या. "एका खुर्चीत बसून सगळ्या मुंबईशी बोलायचं! आणि कोणाला वाढायचं नाही!" त्यासाठी मॅट्रिक व्हायला हवं होतं.

मधे एकच अडचण होती, ती म्हणजे तिचे बाबा. गृहस्थ वाईट नव्हते. पण बोलणं मोजकं आणि बोललं की शेवटचं. दर गणपतीत गावाहून काका यायचे आणि एक नवं स्थळ सांगून जायचे. बाबांनी काकांना थोपवून धरलं होतं, पण एका अटीवर. ती अट त्यांनी शेवंतीला सांगून ठेवली होती: "नापास झालंस की शाळा बंद. मगे आवशीक हात लावचो, आनी काको सांगतलो थंय जावचा." म्हणजे आईच्या हाताखाली काम, आणि काका सांगतील त्या घरी लग्न.

आणि शेवंतीचं गणित म्हणजे आनंदीआनंद होता!

* * *

दुसरी सुशीला जाधव, आमची सुशी. नायगावला राहायची. वर्गात पहिली, आणि पहिली आहे हे तिला कोणी सांगावं लागायचं नाही.

ते दिवस तुम्हाला आठवतात ना? राज्य द्विभाषिक, गुजरात-महाराष्ट्र एकत्र, आणि रस्त्यावर रोज एकच घोषणा, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! पोरं गोट्या खेळतानासुद्धा 'झालाच पाहिजे' म्हणून नेम धरायची.

अशात भूगोलाच्या तासाला केतकरबाईंनी फळ्यावर राज्याचा नकाशा काढला आणि विचारलं, "जाधव, मुंबई राज्याच्या सीमा सांग."

सुशी उभी राहिली. अगदी सभ्यपणे म्हणाली, "कुठल्या बाई? आजच्या की उद्याच्या?"

शाळा सरकारी अनुदानावर चालणारी. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नकाशाकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "पेपरात आजच्या लिही. मार्क आजचेच मिळतात."

आणि नकाशा पुसताना त्यांनी सगळा फळा पुसला, पण मुंबईचा ठिपका तसाच ठेवला! तास संपल्यावर टेबलावरचा तो खडू मी पळवला. तोच हा तुकडा. बाई भित्र्या आहेत असं आम्ही तोपर्यंत समजत होतो. आमची अक्कल ती तेवढी!

* * *

तिसरी इंदू. दादरच्या पारशी कॉलनीच्या पलीकडे मोठा ब्लॉक, वडील वकील, घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. बोलणं असं शुद्ध की शेवंती म्हणायची, "इंदू बोलली की मला वाटतं रेडिओ लागला."

एकदा शहरात गडबड झाली म्हणून शाळा लवकर सुटली. दादरकडचे रस्ते बंद झाल्याची बातमी आली. शेवंती म्हणाली, "माझ्याकडे चला, संध्याकाळी शांत झालं की जा." आम्ही लालबागला पोचतो न पोचतो तोच पुढच्या नाक्यावर अश्रुधूर सुटला. डोळ्यांची नुसती आग. शेवंतीनं आम्हा तिघींना ओढत खाणावळीत नेलं.

आत तिची आई आणि शेजारची एक बाई कांदे चिरत बसल्या होत्या. आमच्या मागोमाग एक गडी धावत आला आणि ओरडला, "मावशे, अश्रुधूर सोडल्यानी! दार लाव! डोळ्यांतसून पानी येतला!"

शेवंतीच्या आईला सगळे मावशीच म्हणायचे. मावशींनी मानही वर केली नाही. "आमी रोज पाटीभर कांदो चिरतंव," त्या म्हणाल्या. "आमका कोण रडयतलो?"

संध्याकाळपर्यंत अडकलो. भूक लागली. मावशींनी आमची पानं मांडली आणि इंदूपाशी येऊन थबकल्या. पातेल्यात बांगड्याची आमटी होती. "तुका ताक-भात देव काय गो बाय?"

इंदूनं पातेल्याकडे पाहिलं. तो वास तिनं मघापासून घेतलेला होता! म्हणाली, "सगळ्यांना जे आहे, तेच मलाही वाढा."

मावशींनी पातेल्यात डाव बुडवला. "खा गो. माशाक जात नसता."

इंदूनं दोनदा भात घेतला. खरा किस्सा मात्र तिच्या घरी घडला. दारात पाऊल टाकताच आईनं विचारलं, "इंदू, हा कसला गं वास?"

इंदूनं शांतपणे उत्तर दिलं, "अश्रुधुराचा."

पुढे बरेच दिवस तिचे वकील वडील कॉलनीत प्रत्येकाला ऐकवत होते, "ह्या सरकारची मजल कुठवर गेली पाहा! अश्रुधूर सडक्या मासळीपासून करतात! माझ्या मुलीच्या कपड्यांचा वास मी स्वतः घेतलाय!"

त्या दिवशी डोळे पुसायला इंदूनं मला दिलेला रुमाल हा. परत करायचा राहिला, आणि इतक्या वर्षांत तिनं मागितलाही नाही.

* * *

शेवंती सहामाहीत गणितात आपटली. वार्षिक परीक्षेत असंच झालं असतं तर शाळा बंद. सुशी म्हणाली, "मी शिकवते. तुला काम सोडून येता येणार नाही, तर मी येते खाणावळीत."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. शेवंतीचे बाबा साचे खात्यात होते आणि सुशीचे वडील सूत काढायच्या खात्यात. साचे खात्यात पगार जास्त, पण तिथं सुशीच्या समाजातल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढायला लागायचा, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं कसा हातात घ्यायचा! सुशीच्या घरानं तोवर बौद्ध धम्म घेतला होता. पण गिरणीतल्या रीतीनं काही घेतलं नव्हतं. मला आजही हे आठवलं की संताप येतो.

तर सुशी आली. शेवंतीच्या आईनं तिला आत चुलीजवळ, शेवंतीच्या पाटावर बसवलं. गडी जेवत होते. त्यांत तात्या राणे म्हणून एक जुने गृहस्थ होते, खाणावळीचे पुढारीच म्हणा. त्यांनी घास थांबवून विचारलं, "ह्या चेडू कोणाचा गो?"

चेडू म्हणजे मुलगी, आणि कोणाची म्हणजे काय विचारताहेत, ते सगळ्यांनाच कळलं. शेवंतीचा चेहरा पडला. सुशी ताठ बसून राहिली.

मावशी म्हणाल्या, "माज्या शेवंतेक गणित शिकवता ती. मास्तरीण आसा. तुमका जेवचा आसला तर जेवा, नाय तर ताट उचला."

कोणी ताट उचललं नाही. सुशीनं पुस्तक उघडलं आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात शिकवायला सुरुवात केली.

आठवडाभरानं तात्या जेवून हात धुऊन आले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. आम्हाला वाटलं, आता भांडण! तात्यांनी खाली बघत विचारलं, "माका सय करूक शिकवशीत?"

सुशी म्हणाली, "शिकवीन. पण तुम्हीही पाटावर बसा तात्या, जमिनीवर हात हलतो."

* * *

सही लवकर जमली. शेवंतीचं बीजगणित काही जमेना. तिचं गाडं 'क्ष'वरच अडलं होतं. "जे माहीतच नाही ते लिहायचं कशाला?" हा तिचा सवाल. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं!

सुशीनं ह्या डब्यातले सागरगोटे मांडून पाहिले, आकृत्या काढून पाहिल्या. शेवटी वैतागून म्हणाली, "हे बघ, रात्री भाकऱ्यांची टोपली रिकामी व्हायला हवी ना? नाही झाली, तर तू काय समजतेस?"

"की कोणीतरी जेवायला आला नाय."

"कोण आला नाही ते न बघता ओळखतेस?"

"ओळखते की! किती उरल्या त्यावरून. तीन उरल्या की पांडू. तो तीनच खातो."

"झालं! तो न आलेला माणूस म्हणजे क्ष!"

शेवंती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, मग आधी नाय सांगायचं? क्ष म्हणजे पांडू!"

त्या दिवसापासून तिला समीकरणं सुटायला लागली. फक्त वार्षिक परीक्षेत घोटाळा झाला. घाईघाईत तिनं उत्तरपत्रिकेवर लिहिलं, 'समजा, पांडू = क्ष.' गणिताच्या मास्तरांनी तिला बोलावून विचारलं, "परब, हा पांडू कोण?"

ती म्हणाली, "सर, तेच तर काढायचंय!"

मास्तरांनी पूर्ण मार्क दिले. शेवंती दहावीतून अकरावीत गेली, आणि खऱ्या पांडूला कळलं तेव्हा त्यानं त्या दिवशी चार भाकऱ्या खाल्ल्या.

* * *

आता अकरावी, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. सगळं सुरळीत चाललंय म्हणेपर्यंत, ऐन परीक्षेच्या तोंडावर शेवंतीची आई चाळीच्या जिन्यावरून घसरली आणि उजवा हात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. उजव्या हाताशिवाय भाकरी थापणार कशी? शेजारणी एखादी वेळ करतील, पण ज्याची त्याची चूल असतेच.

बाबांनी शेवंतीला समोर बसवलं. ते रागावले नव्हते, हेच जास्त वाईट. म्हणाले, "गिरणीत मी खाडो केलंय तर माज्या साच्यार बदली गावता. घरातल्या चुलीक बदली खंयसून हाडू?"

खाडा म्हणजे कामावर गैरहजेरी, आणि बदली म्हणजे त्या दिवसापुरता दुसऱ्याच्या जागी लागणारा कामगार. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांची रांग असायची.

शेवंतीनं दुसऱ्या दिवशी शाळेत हे सांगितलं. ती रडत नव्हती. दप्तरातली पुस्तकं काढून सुशीच्या बाकावर ठेवत होती. "तू वापर," म्हणाली.

सुशीनं पुस्तकं परत तिच्या दप्तरात कोंबली. इंदू म्हणाली, "बदलीच हवाय ना? आम्ही तिघी आहोत की!"

त्या संध्याकाळी आम्ही तिघी खाणावळीच्या दारात ओळीनं उभ्या राहिलो, फाटकाशी उभे राहतात तशा. बाबा पाळीवरून आले. सुशीनं सांगितलं, "काका, बदली आलेत." बाबांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, काही न बोलता चपला काढल्या आणि आत गेले. आम्ही त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

मग रोज शाळा सुटली की आमच्यापैकी दोघी चुलीपाशी आणि एक शेवंतीबरोबर अभ्यासाला. मावशी प्लास्टरचा हात झोळीत घालून स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. इंदूनं घरी 'अभ्यासाला जाते' असं सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमच्या स्वयंपाकाबद्दल काय सांगू! मी केलेल्या पहिल्या खारट आमटीनंतर पांडूनं एवढंच विचारलं, "आज दर्या हंयच हाडलास काय?" पण कहर केला तो इंदूच्या भाकरीनं. तिनं आयुष्यात भाकरी थापलेली नव्हती. एक टोक लांब, एक बाजू चेपलेली, मधे भोक. ती तात्या राण्यांच्या ताटात पडली.

तात्यांनी ती दोन्ही हातांनी उजेडात धरली. गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांना दाखवली. "बाय, नकाशो बरो काढलंस. पन ह्येच्यात मुंबय खंय आसा?"

तेवढ्यात भाकरीचा कोपरा तुटून खाली पडला. पांडू ओरडला, "बेळगाव गेला मरे!"

गडी हसून हसून लोळायचे बाकी राहिले. इंदूचे कान लाल झाले. पण वकिलाची मुलगी ती! परातीतून मान वर न करता म्हणाली, "मुंबई मधेच आहे तात्या. अजून जरा कच्ची आहे, पण होणार!"

सगळी खाणावळ एका सुरात गरजली, "झालीच पाहिजे!"

* * *

आता तुम्ही विचाराल, शेवंती मॅट्रिक झाली का? झाली. गणितात काठावर, पण झाली. टेलिफोनवर लागली, कानाला यंत्र लावून बसली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण माझा किस्सा तो नाहीच. माझ्या किश्श्याची वस्तू ह्या डब्यातही नाही.

झालं असं की आम्ही बदली लागलो खऱ्या, पण परीक्षा तर चौघींचीही होती! ही गोष्ट आमच्या लक्षात आली ती परीक्षा अगदी दारात आल्यावर. अकलेचे दिवे! भाषेच्या पेपरांना चाळीतल्या बायकांनी चूल सांभाळली. गणिताच्या दिवशी मात्र चाळीत लग्न निघालं आणि सगळ्या बायका तिकडे.

आदल्या संध्याकाळी शेवंतीनं बाबांना सांगितलं, "उद्या गणित आहे. घरात कोणी नाय." बाबा हं म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं, "पेपर कितीक सुटता?" तिनं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी नेहमीसारखे अंगरखा चढवून बाहेर पडले. शेवंती मला परीक्षेच्या दारात म्हणाली, "दुसऱ्या पाळीचे गडी आज उपाशी कामावर जाणार. महिन्याचे लोक आहेत गं, एकदा सोडून गेले की परत येत नाहीत. मी पेपर अर्धा टाकून जाऊ का?"

सुशीनं तिला दंड धरून आत ढकललं. "क्ष काढल्याशिवाय उठलीस तर बघ!"

ती शेवटच्या घंटेपर्यंत बसली. बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, "कसा गेला?" तर म्हणाली, "नंतर. आधी चला." आम्ही चौघी पट्ट्या-पेनं हातात घेऊन ट्राम पकडायला धावलो. लालबागला उतरून पुन्हा धावलो. जिन्यावरच धूर दिसला. दाराबाहेर गड्यांच्या चपलांची नेहमीची रांग होती. शेवंतीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला आत काय आहे ते बघायचीच भीती वाटली.

आम्ही दारात थांबलो.

चुलीपुढे बाबा बसले होते. बंडी घामानं चिंब, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, डोळे धुरानं लाल. अंगात ताप असतानाही कधी खाडा न करणारा तो माणूस पहिल्या पाळीला गिरणीच्या फाटकापर्यंत गेला होता, आपले साचे एका बदलीवाल्याच्या हाती देऊन तिथूनच परत फिरला होता. मावशी स्टुलावरून ओरडत होत्या, "पानी लावा! कडेक पानी लावा!" आणि बाबा मुकाट्यानं पाणी लावत होते. कामावर जायची वेळ जवळ आली होती तरी गडी पंगतीत ताटं धरून बसले होते. सगळ्यांच्या ताटात भाकरीचा एकच रंग होता, काळा.

आम्हाला कोणी पाहिलं नव्हतं.

तात्या राण्यांनी आपली भाकरी उलटली. पुन्हा उलटली. दुसरी बाजूही तशीच होती. ते म्हणाले, "परबानू, भाकरी करपली हा."

बाबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढचा गोळा हातात घेतला आणि थापायला लागले.

"माज्या चेडवाचो पेपर आसा आज," ते म्हणाले. "करपलेली खावा."

तात्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, सावकाश चावला. सगळी भाकरी संपवली. मग रिकामं ताट पुढे सरकवलं.

"आनिक एक वाडा," ते म्हणाले.